यमुनाबाईचा फोटो मोठा करताना

१

आप्पांच्या देवरूखच्या छापखान्यात कॉम्प्युटर आला तो एकोणनव्वद सालच्या संक्रांतीनंतर. आला आणि त्या दिवसापासून त्याचे लाड सुरू झाले. छापखान्याच्या मागच्या अंगाला प्लायवूडची खोली उठली, खिडकीला जाड पडदा लागला, दाराबाहेर चपला काढायचा हुकूम सुटला. ज्या आप्पांनी उभ्या जन्मात कामगारांना टेबलफॅन दिला नाही, त्यांनी त्या खोक्यासाठी गार हवेचं मशीन बसवलं. मोटर लावलेल्या ट्रेडल छपाई-मशीनवरचा विठू म्हणायचा, "पुढचा जन्म कॉम्प्युटरचा मागून घ्यायचा. बसायला टेबल, अंगावर चादर, आणि वैशाखात गारवा."

हे लाडकं बाळ सांभाळायचं काम दत्तारामच्या गळ्यात पडलं. दत्ताराम मूळचा जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारा. मुंबईला जाऊन तो हे नवं काम शिकून आला होता, आणि खरं सांगायचं तर त्यात रमला होता. खिळ्यांच्या जमान्यात पत्रिकेवर साधा फोटो टाकायचा तर ब्लॉक कोल्हापूरहून करून आणावा लागे, आणि तो आखूड निघाला की कपाळाला हात लावायचा. आता फोटोवरून इस्त्रीसारखा स्कॅनर फिरवला की फोटो पडद्यावर. मोठा करा, लहान करा, कडा कापा. आणि छापायच्या आधी कागदावर नेमकं काय उमटणार ते आधीच पडद्यावर बघून घ्या. त्याला प्रिव्ह्यू म्हणत. आप्पा त्याला मुखदर्शन म्हणायचे.

हे मुखदर्शन मात्र सावकाश चालायचं. बटण दाबलं की चित्र वरून खाली, ओळीमागून ओळ असं उतरायचं. आधी केस, मग कपाळ, मग डोळे. मोठा फोटो असला तर हनुवटी येईपर्यंत चहा पिऊन होई.

त्या दिवसांत दत्तारामचं निम्मं चित्त घरीच असायचं. खालच्या आळीतल्या भाड्याच्या खोलीत त्याची बायको कमळा होती, आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिलं मूल दोन वर्षांपूर्वी आलं ते निळं पडूनच आलं. नाळेचा वेढा गळ्याला बसला होता. त्यानंतर कितीतरी महिने कमळा पाळण्याच्या दुकानावरून जायची नाही, लांबच्या बोळातून जायची. ह्या खेपेचं मूल जिवंत हाती लागावं, एवढंच त्या दोघांना हवं होतं. बाकी कशाचीच त्यांना असोशी उरली नव्हती.

अशात एका सकाळी सीताबाय छापखान्याच्या पायरीवर येऊन बसली.

सीताबाय म्हणजे दत्तारामच्याच गावची. देवरूखच्या वरच्या अंगाला पाणकोंड म्हणून गाव आहे, तिथल्या बौद्धवाडीतली. तिची आई यमुनाबाई गावची सुईण. वाडी कुठलीही असो, बाळंतपण यमुनाबाईचंच. खुद्द दत्ताराम पायाकडून आला होता, आणि यमुनाबाईनेच त्याला सुखरूप बाहेर काढलं होतं. त्याची आई हे अजून सांगायची, डोळ्यांत पाणी आणून सांगायची. आणि हीच आई, बाळंतपण उरकलं की यमुनाबाईला चहा मात्र पडवीतच द्यायची, वेगळ्या कपात. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि आईला त्यांत काही विसंगत वाटत नव्हतं.

"दत्तू," सीताबाय म्हणाली, "आईला जाऊन वरीस होतंय. येत्या रविवारी विहारात तिचा फोटू लावायचाय. मोटा करून दे."

तिने पिशवीतून फोटो काढला. खेळायच्या पत्त्याएवढा. त्यात यमुनाबाई भिंतीला टेकून बसलेली, पांढरी चादर छातीपर्यंत ओढलेली, डोळे मिटलेले.

दत्तारामला कळायला थोडा वेळ लागला.

"हो, गेल्यावरचाच हाय," सीताबाय म्हणाली. "जिती असताना कुनाच्या ध्यानातच आलं नाय रे. सगळ्या गावाच्या बारशाला फोटू निघाले, त्यात ती कुठं नाय. गेल्यावर धावाधाव करून फोटोवाला आनला. तेवढे डोळे उघडून दे."

आता हे ऐकून कुणाला नवल वाटेल, पण आपल्याकडे ही चाल जुनी आहे. माणूस गेल्यावर पहिला आणि शेवटचा फोटो काढायचा, आणि स्टुडिओवाल्याने ब्रशने डोळे उघडून द्यायचे. रत्नागिरीत हे काम सुबक करणारा म्हातारा होता, तो मुलाकडे मुंबईला गेला. म्हणून सीताबाय इथवर आली होती.

"देतो," दत्ताराम म्हणाला. "हे काम माझंच आहे."

२

डोळे उघडायला दुपार गेली. पडद्यावर सगळं ठिपक्यांचंच असतं. पापणीचे काळे ठिपके पुसायचे, बुबुळाचे भरायचे, मधे एक पांढरा सोडायचा. दत्तारामला यमुनाबाईचे डोळे नीटसे आठवेनात. ती त्याच्याकडे कधी रोखून बघायचीच नाही. वाटेत भेटली तर डोक्यावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "माजं उलटं पोर." एवढंच. पण ते आठवून त्याला बरं वाटलं, आणि काम करता करता तो मनातल्या मनात म्हणाला, आजी, आणखी पंधरा दिवसांत आमच्याकडे बाळंतपण आहे बघ. तू असायला हवी होतीस.

डोळे झाले. फोटोला चौकट घातली, चादरीची कड दिसेल न दिसेल अशी, छातीच्या वर. खालचं सगळं कापून टाकलं. मग प्रिव्ह्यूचं बटण दाबून तो पाणी प्यायला गेला.

परत आला तेव्हा चेहरा उतरला होता, खांदे उतरले होते, चादरीची कड आली होती. आणि तिच्या खाली, पानाच्या अगदी तळाला, आठ बोटांची टोकं होती.

बोटं म्हणजे नुसती टोकं, नखांसकट. कुणी टेबलाखालून वर यायला कड धरावी तशी.

दत्ताराम काही भित्रा गडी नव्हता. त्याने आधी मूळ फोटो पाहिला. हात चादरीच्या आत होते, बोट काय, बोटाचा उंचवटासुद्धा नव्हता. मग त्याने विचार केला, आणि विचार शहाण्यासारखाच केला: यंत्राच्या पोटात मागच्या कामाचं काहीतरी राहिलं असणार. गेल्या आठवड्यात बांगड्यांच्या दुकानाची जाहिरात केली होती, त्यात हात होते. मुंबईच्या शिक्षकांनी सांगितलंच होतं की असं कधी कधी होतं, बंद करून चालू करा.

पण त्याआधी त्याने एक कागद छापून पाहिला. कागदावर चेहरा आला, चादरीची कड आली. बोटं आली नाहीत.

"झालं तर," तो मोठ्याने म्हणाला, आणि यंत्र बंद करून घरी गेला. जेवताना त्याने कमळाला यातलं काही सांगितलं नाही. गरोदर बाईला काय काय सांगायचं नाही हे त्याला त्याच्या आईने पाठ करून दिलं होतं.

३

दुसऱ्या दिवशी त्याने फोटो फ्रेमच्या मापाचा करायला घेतला. दीडशे टक्के. बटण दाबलं, आणि ह्या खेपेला खुर्ची सोडली नाही.

केस आले. कपाळ आलं. डोळे आले, काल घातलेले, जागच्या जागी. चेहरा चांगला ऐसपैस झाला होता. खांदे चौकटीबाहेर गेले. मग चादर. मग एकेक ओळ खाली उतरताना बोटं आली, आणि बोटांमागे पंजे आले.

चेहरा दीडपट झाला होता. हात तेवढेच होते.

दत्तारामने दोनशे टक्के केलं. चेहऱ्याने पडदा भरला, सुरकुत्या रस्त्यांएवढ्या रुंद झाल्या, आणि खाली मनगटांपर्यंत हात वर आले. तेवढेच. कालच्यापेक्षा जास्त दिसत होते, पण माप तेच. त्याने चौकट वर सरकवली, नुसता चेहरा ठेवला, हनुवटीला कापलं. हनुवटीखाली हात. मग उलटं करून पाहिलं, पन्नास टक्के. चेहरा तिकिटाएवढा झाला, आणि त्याच्याखाली ते दोन हात, पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

तेव्हा त्याला कळलं की ते किती मोठे आहेत. त्याने आपला पंजा काचेवर ठेवला. पडद्यावरचा पंजा त्याच्यापेक्षा थोडा लहान, बाईच्या हाताएवढा, अगदी खऱ्या हाताएवढा. काच गरम होती. पडद्याची काच गरम असतेच म्हणा.

आणखी एक गोष्ट. हात प्रत्येक खेपेला निराळे होते. आधी तळवे खाली होते, मग एक तळवा वर आला. पन्नास टक्क्यांत उजव्या हाताची दोन बोटं वाकलेली होती, काहीतरी अडकवून धरल्यासारखी. त्याच मनगटावर एक डाग होता, ठिपक्यांचा, रोपट्यासारखा.

"आप्पा," त्याने हाक मारली, "जरा इकडे या."

आप्पा चष्मा कपाळावर ढकलून आले. पडद्याकडे बघून म्हणाले, "वा. हात छान आलेत रे. कष्टाचे हात आहेत. ठेव की, कापतोस कशाला?"

 तोवर दत्तारामला वाटत होतं की आपली झोप कमी होतेय, घरचा घोर आहे, डोळ्यांना दिसतंय ते डोक्यातलं आहे. तो धीर आता गेला.

"आप्पा, मूळ फोटोत हात नाहीयेत."

आप्पांनी चष्मा खाली घेऊन मूळ फोटो पाहिला, मग दत्तारामकडे पाहिलं. "मग तूच काढले असशील," ते म्हणाले. "डोळे काढलेस तसे. बाबा रे, घरी जा, बायकोकडे बघ, आणि काम वेळेत दे." आणि ते निघून गेले. शंका घेऊन डोकं शिणवायचं हा आप्पांचा स्वभावच नव्हता. त्यांचा धंदा चालतो तो याच गुणावर.

दत्तारामने छापून पाहिलं. कागदावर हात नव्हते.

४

सीताबाय प्रूफ बघायला आली तेव्हा त्याने तिला आतल्या खोलीत नेलंच नाही. पायरीवरच कागद दाखवला. तिने तो मांडीवर ठेवला आणि बराच वेळ पदराने नाक पुसत राहिली.

"डोळे जरा खाली कर," मग म्हणाली. "आई अशी समोर बघायची नाय. तिची नजर आपली हातांवर."

दत्तारामने विचारलं, शक्य तितक्या सहज आवाजात, "हात चादरीत का ठेवले होते फोटोत?"

 "स्वस्थ रहायचे नायत म्हनून चादरीत घातले व्हते, ते तसेच राहिले," सीताबाय म्हणाली. "शेवटाला चार दिवस बोलनं बंद, खानं बंद. पन हात थांबायचे नायत. सारखे आपले काय तरी करायचे. गावातल्या बाया बघून हसायच्या नि रडायच्या, म्हनायच्या, बघा, यमुना अजून कुनाला तरी सोडवतेय."

"काय करायचे हात?"

सीताबायने आपल्या पदराचं टोक पिळलं आणि डाव्या मुठीभोवती गुंडाळलं. मग उजव्या हाताची दोन बोटं त्या पिळाखाली सरकवली, वाकवली, हळूच सैल केलं, आणि पदर मुठीवरून उतरवला. "हे असं. मुलाच्या गळ्यात नाळ असली की काढायची रीत हाय ही. वडायचं नाय. सैल करून डोक्यावरनं उतरवायची. मला शिकवायची ती, पन मला भ्या वाटायचं."

ती वाकलेली दोन बोटं दत्तारामने ओळखली.

"मी एकदा इचारलं तिला," सीताबाय म्हणाली. "म्हटलं आये, कुनाचं करतेयस ग एवढं? तेव्हा बोलली. तेवढंच बोलली. 'हाय एक. अजून यायचंय.'"

रस्त्यावरून एक हातगाडी गेली. 

"तिच्या उजव्या हातावर काही होतं का?" दत्तारामने विचारलं.

"तुळस गोंदलेली व्हती," सीताबाय म्हणाली. "आमी बौद्ध व्हायच्या आदीची, लहानपनची. तू कशाला इचारतोस?"

"आठवलं म्हणून," दत्ताराम म्हणाला.

५

काम पुरं करायचं होतं. दुसरा कुणी असता तर त्याने यंत्रावर चादर टाकली असती आणि आप्पांना पोटदुखी सांगितली असती. दत्तारामलाही तसं करावंसं वाटलं. पण रविवार तोंडावर होता, आणि ज्या बाईमुळे आपण आहोत तिचा फोटो भीतीपोटी टाकून द्यायचा हे त्याला जमेना. त्याने मनाशी ठरवलं की नजर तेवढी खाली करायची, पडद्याकडे न बघता एकदम छापायचं, आणि मोकळं व्हायचं.

नजर खाली केली. ठिपके हलवले. पण छापायचं म्हटलं तरी ते यंत्र प्रिव्ह्यू आधी दाखवायचंच. तो त्याचा हट्ट होता. ओळी उतरू लागल्या.

भर दुपार होती. बाहेर विठूचं मशीन खाड खाड चाललं होतं, आप्पा कुणाशी तरी आंब्याच्या मोहोराबद्दल बोलत होते. केस आले, कपाळ आलं. डोळे आले, खाली बघणारे. यमुनाबाई आता एकदम यमुनाबाई दिसत होती. दत्तारामला वाटलं, इथेच थांबावं. बटण बंद करावं. पण हात बटणावर जाईना.

हनुवटी. चादर. आणि हात आले, कोपरापर्यंत आले. ओले होते. पडदा काळापांढरा, त्यात ओलं काय दिसणार. पण होते, चकाकत होते. दोन्ही हातांच्या मधे काहीतरी गोल होतं, नारळाहून थोडं लहान. एका हाताने ते खालून तोलून धरलं होतं. दुसऱ्या हाताची दोन बोटं त्याच्या खाली कुठेतरी गेली होती, आणि बोटं जिथे गेली तिथे एक जाड, पिळदार दोरी होती.

शेवटची ओळ उतरली आणि लाईट गेली. गार हवेचं मशीन धापा टाकत थांबलं. विठूचं मशीनही थांबलं.

आता दत्ताराम काय विचार करत होता ते सांगायला हवं, कारण तो काही चांगला विचार नव्हता. त्याच्या मनात असं आलं, की हे हात सोडवायला आलेत की न्यायला, हे कसं ओळखायचं? मेलेल्या माणसाचे हात आहेत. मूल माझं आहे. ती म्हणाली होती, अजून यायचंय. पण येऊन कुणाकडे जायचंय, ते कुठे म्हणाली?

तो चपला न घालताच बाहेर पडला. आप्पा मागून ओरडले, "अरे, काम झालं का?" तो तोवर रस्त्याला लागला होता.

घरी कमळा सुपात तांदूळ निवडत बसली होती. त्याचे अनवाणी पाय बघून हसली. "कॉम्प्युटरने चपला पण खाल्ल्या वाटतं."

"चल," तो म्हणाला. "दवाखान्यात जायचं."

"अहो, अजून पंधरा दिवस आहेत. काही दुखत नाहीये मला."

"माझ्यासाठी चल."

कमळाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. तिने पुढे एकही प्रश्न विचारला नाही, आणि त्याबद्दल दत्ताराम तिचे उपकार जन्मभर मानत आला. रिक्षा आठवडा बाजाराच्या वळणावर आली तेव्हा कमळाने त्याचं मनगट घट्ट धरलं. "अहो," ती म्हणाली, "पाणी गेलं."

६

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटाला नळी लावली. एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं. त्यांचा चेहरा बदलला नाही, पण आवाज एकदम कामाचा झाला. "बाळाचे ठोके कमी होतायत. लगेच घ्या आत." दार मिटलं आणि दत्ताराम बाहेर राहिला.

बाहेर एक बाक होता, भिंतीला हिरवा तेलरंग होता, फिनेलचा वास होता. दोन वर्षांपूर्वीही तो इथेच, ह्याच बाकावर बसला होता. आज त्याला बसवेना.

थोड्या वेळाने नर्स ट्रे घेऊन आत गेली. झुलतं दार मागे आलं, पुन्हा पुढे गेलं, आणि मधल्या एका क्षणात त्याला आतलं दिसलं. कमळाचा गुडघा. डॉक्टरीणबाईंची वाकलेली पाठ, त्यांचे रबरी मोजे घातलेले हात. आणि त्यांच्या हातांच्या खालून, जिथे माणसाला उभं राहायला जागाच नव्हती, तिथून वर आलेले दुसरे दोन हात. उघडे, सावळे, कोपरापर्यंत ओले. कुणाच्या अंगाला जोडलेले नव्हते ते. नुसते हात होते, आणि घाईत अजिबात नव्हते.

दार मिटलं.

दत्ताराम दाराकडे धावला. हात टेकून ते ढकलणारच होता. आत शिरून आरडाओरडा करावा, ते हात तिथून हाकलावेत, असंच त्याच्या मनात होतं.  मग त्याला आठवलं की ह्या जगात आपल्याला पहिल्यांदा ज्यांनी धरलं ते हेच. आईनेसुद्धा नंतर धरलं. तेव्हा तो पायाकडून येत होता, त्याला नेणं केवढं सोपं होतं. तेव्हा नेलं नाही.

त्याने हात दारावरून काढले आणि जोडले.  भीती गेली नव्हती, तरी तो तसाच दाराकडे तोंड करून उभा राहिला.

रडणं ऐकू आलं तेव्हा त्याला आधी वाटलं शेजारच्या खोलीतलं आहे. मग दार उघडून नर्स म्हणाली, "मुलगा झाला," आणि तो तिथेच भिंतीला धरून खाली बसला. रडला, चारचौघांत, लाज न बाळगता रडला.

"वेढा होता, दोनदा," डॉक्टरीणबाई हात धुता धुता म्हणाल्या. "पण सैल होता. तुमचं नशीब. आणखी तासभर घरी काढला असता तर मात्र मला काही करता आलं नसतं. कसं काय आणलंत वेळेवर?"

"तुमचे फार उपकार झाले," दत्ताराम म्हणाला. 

संध्याकाळी कमळाने गादीवर त्याला जवळ बोलावलं. मूल तिच्या कुशीत होतं, लालबुंद, मुठी वळलेलं. "डॉक्टरीणबाई खूप चांगल्या," ती म्हणाली, "पण त्यांच्याबरोबर दुसऱ्या कोण होत्या हो? त्यांनी मोजे घातले नव्हते. हात काय ऊन होते त्यांचे. त्यांनी हात लावला आणि मला वाटलं, आता होईल सगळं नीट."

७

फोटो रविवारच्या आधी पुरा झाला. लाईट आल्यावर दत्तारामने तो पुन्हा पडद्यावर घेतला, आणि ह्या खेपेला शेवटच्या ओळीपर्यंत समोर बसून राहिला. खाली काही नव्हतं. नुसती यमुनाबाई होती, खाली बघणारी. पुढेही त्या यंत्रावर कधी काही दिसलं नाही. त्याने चेहऱ्याखाली वीतभर कागद कोरा सोडला आणि तसाच छापला. आप्पा म्हणाले, "जागा फुकट घालवलीस." सीताबायने मात्र त्या कोऱ्या जागेवरून बोटं फिरवली.

सव्वा महिना झाल्यावर ते मुलाला घेऊन पाणकोंडला गेले. दत्तारामची आई आधी कुरकुरली, ऊन आहे, मूल लहान आहे, बौद्धवाडीत नंतर जाऊ. मग स्वतःच लुगडं बदलून पुढे चालू लागली. विहाराच्या पायऱ्या ती उभ्या आयुष्यात चढली नव्हती. फोटोसमोर आली, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि गुडघे दुखत असतानाही जमिनीवर बसून डोकं टेकलं. बराच वेळ उठली नाही. सीताबायने तिला दंडाला धरून उठवलं.

मग दत्तारामने मूल दोन्ही हातांवर घेतलं आणि फोटोसमोर पुढे धरलं.

आधी त्याला वाटलं आपले हात बधिर झालेत. मूल तिथेच होतं, दुपट्यात, शांत, डोळे उघडे ठेवून खाली कुठेतरी बघत. पण त्याचं वजन लागत नव्हतं. तळव्यांना दुपट्याचं कापड कळत होतं, त्याची ऊब कळत होती, भार कळत नव्हता. खालून कुणीतरी मूल तोलून धरावं, इतक्या सवयीने, की ज्याच्या हातावर आहे त्याला कळूही नये.

त्याच्या मनात आलं, आता मी हात मागे घेतले तरी हे पडणार नाही. आणि त्याचबरोबर दुसरं आलं: पण मग परत मिळेल का?

"काय झालं हो?" कमळाने मागून विचारलं.

त्याने मान हलवली, काही नाही. हात होते तसेच ठेवले. फोटोकडे बघितलं नाही, खालच्या कोऱ्या जागेकडे तर नाहीच. अगदी हळू, मुलाशी बोलल्यासारखं म्हणाला, "यमुनाआजी, तुझे उपकार फिटायचे नाहीत. मला दिलंस, ह्याला दिलंस. आता माझ्याकडे दे."

थोडा वेळ काहीच झालं नाही. बाहेर फणसाखाली कुणीतरी लाकडं फोडत होतं. मग मुलाचं वजन हातांवर येऊ लागलं. एकदम नाही; आधी डोक्याचं, मग पाठीचं, सगळ्यात शेवटी पायांचं. दत्तारामने त्याला छातीशी घट्ट धरलं, आणि ते रडायला लागलं, ओळखीच्या माणसाच्या हातातून काढून घेतल्यासारखं.